सोटोरासिब: गंधकाच्या एका अणूला पकडणारी कॅन्सरची गोळी, पण कोणासाठी?

‘फुफ्फुसाच्या कॅन्सरवर गोळी सापडली’ अशा पोस्ट अधूनमधून फिरत असतात. सोटोरासिब नावाची अशी गोळी खरंच आहे. पण ती कोणाला लागू पडते आणि किती, हे त्यात क्वचितच असतं.

अडचण काय होती?

केरास हे प्रथिन पेशीला वाढीचा सिग्नल देतं. त्यात बिघाड झाला की सिग्नल बंदच होत नाही. हा बिघाड १९८०च्या दशकातच माहीत झाला होता. पण प्रथिनाचा पृष्ठभाग गुळगुळीत. औषध बसेल अशी खाच सापडत नव्हती.

मार्ग कसा निघाला?

‘जी१२सी’ नावाच्या बिघाडात केरासच्या १२व्या जागी सिस्टीन येतं. सिस्टीनमध्ये गंधक आणि हायड्रोजनची जोडी असते, तिला थायॉल म्हणतात. थायॉलला चिकटणारी आयोडोअ‍ॅसिटामाइडसारखी रसायनं प्रयोगशाळेत जुनीच आहेत. मात्र ती दिसेल त्या थायॉलला चिकटतात, म्हणून औषध म्हणून निरुपयोगी. २०१३मध्ये कॅलिफोर्नियातील केवन शोकाट यांच्या गटाने नेमकं हेच सिस्टीन पकडणारे रेणू शोधले आणि शेजारी दडलेली खाच समोर आली. सोटोरासिब आधी त्या खाचेत बसतं, मग गंधकाशी कायमचा बंध जोडतं. निरोगी केरासमध्ये त्या जागी सिस्टीन नसतं, त्यामुळे ते वाचतं.

मग हा रामबाण उपाय का नाही?

अमेरिकेच्या एफडीएने मे २०२१मध्ये वेगवान प्रक्रियेतून मंजुरी दिली. पुढे आधी उपचार झालेल्या ३४५ रुग्णांवर चाचणी झाली. आजार आटोक्यात राहण्याचा मध्यक काळ ५.६ महिने होता. डोसिटॅक्सेल या जुन्या केमोथेरपीत ४.५ महिने. रुग्ण एकूण किती जगले, यात लक्षणीय फरक दिसला नाही. डिसेंबर २०२३मध्ये एफडीएने पूर्ण मंजुरी न देता आणखी एक चाचणी मागितली. कॅन्सरच्या पेशी नवे बदल करून औषधाला चकवतात, हेही एक कारण आहे.

घरात रुग्ण असेल तर?

डॉक्टरांना पहिला प्रश्न औषधाचा नको, तपासणीचा हवा: गाठीची जनुकीय चाचणी झाली का, आणि त्यात जी१२सी आहे का? नसेल, तर या गोळीला पकडायला गंधकाचा तो अणूच तिथे नाही.