फुकटात मिळालेली बोट

परवा साताऱ्याला मामांकडे गेलो होतो. जेवणं झाली, सुपारी कातरता कातरता विषय निघाला 'विक्रमादित्य'चा. मामांचं ठरलेलं मत, "रशियानं भंगार गळ्यात मारलं रे आपल्या!" मी पडलो भाचा, तिथे फार बोललो नाही. इथे बोलतो. (मामा हा ब्लॉग वाचतात हे माहीत असूनही!)

मुळात कागदोपत्री ही विमानवाहू नौका नव्हतीच. सोव्हिएत आरमार तिला 'जड विमानवाहू क्रूझर' म्हणायचं. युक्रेनमधल्या निकोलायेवच्या गोदीत ती बांधली आणि १९८७ मध्ये 'बाकू' या नावाने दाखल केली. काळ्या समुद्रातून बाहेर पडायचं तर तुर्कस्तानच्या सामुद्रधुनीतून जावं लागतं आणि १९३६ च्या माँत्रो कराराप्रमाणे तिथून विमानवाहू जहाज नेणं अवघड. क्रूझर म्हटलं की प्रश्न मिटला. पण ती नुसती पळवाट नव्हती. पुढच्या डेकवर जहाजं बुडवणाऱ्या क्षेपणास्त्रांच्या बारा नळ्या होत्या, तोफा होत्या. विमानं होती ती जागच्या जागी उभी उडणारी याक-३८. अर्धी क्रूझर, अर्धा विमानतळ.

पुढे ती 'ॲडमिरल गोर्शकोव्ह' झाली, सोव्हिएत संघ मोडला, १९९४ मध्ये बॉयलरच्या भागात आग लागली आणि १९९६ मध्ये ती निवृत्त झाली. जानेवारी २००४ मध्ये आपला करार झाला. जहाज फुकट, दुरुस्तीचे ९७ कोटी ४० लाख डॉलर, ताबा २००८ ला. प्रत्यक्षात २०१० मध्ये आकडा गेला सुमारे २३५ कोटींवर आणि जहाज मिळालं १६ नोव्हेंबर २०१३ ला. नवीन बोट याहून स्वस्तात आली असती, असे ताशेरे 'कॅग'ने २००९ मध्येच ओढले होते.

म्हणजे मामा बरोबर? अर्धेच.

मामा, आपल्या वाड्याची डागडुजी आठवा. गवंड्याने बाहेरून बघून अंदाज दिला. भिंत उघडली तर तुळईला वाळवी. मग आकडा दुप्पट झाला, आणि अर्धा वाडा उघडा पडल्यावर घासाघीस कसली करणार? सेवेरोद्विन्स्कच्या गोदीत हेच झालं. क्षेपणास्त्रांच्या नळ्या काढून तिथे विमानांसाठी चढण बसवायची, मागे तारा बसवायच्या, शेकडो किलोमीटर केबल बदलायची. क्रूझरची विमानवाहू करणं म्हणजे दुरुस्ती नव्हे, पुन्हा बांधणंच. न उघडता अंदाज बांधला, ही आपली चूक. जहाज घेतलं, ही नव्हे.

बॉयलरचा किस्सा तर आम्हा सांगलीकरांना जास्त कळावा. २०१२ च्या चाचण्यांत आठपैकी बहुतेक बॉयलरनी दगा दिला. आपण ॲस्बेस्टॉस नको म्हटलं होतं, म्हणून आत उष्णतारोधक विटा लावल्या आणि पूर्ण वेगावर त्या टिकल्या नाहीत. साखर कारखान्यात अग्निप्रदीपन झालं की लगेच कोणी बॉयलर पूर्ण दाबावर नेत नाही, आतलं वीटकाम हळूहळू तापवतात. ज्याने ते काम केलंय, त्याला या बातमीचं हसू आलं नसणार. झळ काय असते, ते त्याला ठाऊक असतं. एप्रिल २०१९ मध्ये कारवारला शिरताना या बोटीवर आग लागली, आणि ती विझवताना आपला एक तरुण अधिकारी गेला. हे मात्र किमतीच्या हिशोबात कुठेच दिसत नाही.

आणि मामा, दुसरी बाजूही बघा. मार्च २०१७ मध्ये 'विराट' निवृत्त झाली. कोचीत बांधलेली नवी 'विक्रांत' आली २ सप्टेंबर २०२२ ला. मधली साडेपाच वर्षं आपल्याकडे विमानवाहू नौका एकच होती, तुमचं हे भंगार. ते नसतं तर मिग-२९के चे वैमानिक समुद्रावर उतरायला शिकले असते कुठे? कण्हेरच्या धरणात?

असो. फोन करू नका, उत्तर इथेच खाली लिहा.