बाजारपेठ जिंकली, जनमत गमावले

ऑस्ट्रेलियातील लोवी इन्स्टिट्यूट ही संस्था दरवर्षी देशाच्या परराष्ट्र धोरणाविषयी जनमत अजमावते. चीन जगात जबाबदारीने वागेल, असे २०१८ साली तेथील ५२ टक्के नागरिकांना वाटत होते. २०२२ साली असे मानणारे जेमतेम १२ टक्के उरले. ज्या देशाच्या लोहखनिजाचा सर्वांत मोठा ग्राहक चीन आहे, त्या देशातील हे चित्र!

या घसरणीचे श्रेय अमेरिकी प्रचाराला देण्याचा उद्योग बीजिंगधार्जिणे विद्वान करतात. तो निरर्थक आहे. कोरोनाच्या उगमाची स्वतंत्र चौकशी व्हावी, एवढीच मागणी एप्रिल २०२० मध्ये कॅनबेराने केली आणि चीनला मिरच्या झोंबल्या. ऑस्ट्रेलियन बार्लीवर ८० टक्क्यांहून अधिक शुल्क बसले, पाठोपाठ मद्यावर २१८ टक्क्यांपर्यंत; कोळशाने भरलेली जहाजे चिनी बंदरांबाहेर ताटकळत राहिली. लोहखनिजाला मात्र हात लागला नाही. चिनी पोलाद कारखान्यांचे त्यावाचून चालत नाही ना! नोव्हेंबरमध्ये तर चिनी दूतावासाने चौदा तक्रारींची यादीच ऑस्ट्रेलियन माध्यमांच्या हाती ठेवली. तीत हुआवेवरील बंदीबरोबरच वृत्तपत्रांतील टीका आणि संशोधन संस्थांना मिळणारे अनुदान यांचाही समावेश होता. आपल्या वर्तमानपत्रांनी काय छापावे हे परकी दूतावास सांगू लागल्यावर सामान्य माणसाला वेगळ्या प्रचाराची गरज उरत नाही.

हाच ऑस्ट्रेलिया २००८ साली चीनच्या परराष्ट्रमंत्र्यांना शेजारी उभे करून भारत, जपान व अमेरिकेसोबतच्या चतुष्कोनी संवादातून बाहेर पडला होता, हे दिल्लीच्या स्मरणात असेलच. तोच देश नोव्हेंबर २०२० मध्ये मलबार नौदल सरावात पुन्हा उतरला आणि सप्टेंबर २०२१ मध्ये त्याने ब्रिटन-अमेरिकेशी आण्विक पाणबुड्यांचा करार केला. लोकमत पाठीशी नसते तर इतक्या खर्चिक करारावर सही करण्याचे धाडस तेथील कोणत्या पंतप्रधानाला झाले असते?

तथापि वॉशिंग्टननेही निश्चिंत राहू नये. २०२५ च्या चाचणीत अमेरिकेवर विश्वास ठेवणारे ऑस्ट्रेलियन ३६ टक्क्यांवर आले. या चाचणीच्या इतिहासातील हा नीचांक होय. मित्रराष्ट्राच्या मालावरही ट्रम्प प्रशासनाने १० टक्के शुल्क लादले, त्याच वर्षीची ही गोष्ट. मैत्रीकरार देशाच्या सुरक्षेसाठी महत्त्वाचा आहे, असे मात्र आजही बहुसंख्यांना वाटते. करार हवा, पण करार करणाऱ्यावर भरवसा नाही, अशी ही मनःस्थिती आहे.

चीनविषयीचा विश्वासही त्याच चाचणीत २० टक्क्यांपर्यंत सावरला. बार्लीवरील शुल्क २०२३ मध्ये, मद्यावरील २०२४ मध्ये उठले, त्याचा हा परिणाम असावा. पण २०१५ साली एका चिनी कंपनीला ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेले डार्विन बंदर परत घेण्याचे आश्वासन २०२५ च्या निवडणुकीत सत्ताधारी व विरोधक, दोघांनाही द्यावे लागले.