शंकरण्णा असता तर...

बंगळूरमध्ये आठवडाभर जरी राहिलात तरी एक चेहरा ओळखीचा होतो. रिक्षाच्या मागच्या काचेवर, मीटरशेजारी, गणपती आणि राघवेंद्रस्वामींच्या बाजूला चिकटवलेला. नवीन आलेल्या माणसाला वाटतं कोणी पुढारी असेल. तो शंकर नाग. आपल्या पिढीसाठी सांगायचं तर 'मालगुडी डेज'चा दिग्दर्शक. 1980 साली आलेल्या 'ऑटो राजा'मध्ये तो रिक्षावाला झाला होता आणि तेव्हापासून बंगळूरच्या रिक्षावाल्यांनी त्याला जो आपला मानला तो कायमचा. त्याला जाऊन पस्तीसहून जास्त वर्षं झाली, पण 9 नोव्हेंबरला, त्याच्या वाढदिवसाला, रिक्षांना हार घातलेले दिसतात.

कोणत्याही कन्नड मित्राकडे शंकर नागचा विषय काढा, दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला एक उसासा येतोच, "शंकरण्णा असता तर..." तो असता तर मेट्रो वीस वर्षं आधी झाली असती, कन्नड सिनेमा कुठल्या कुठे गेला असता, बंगळूरचं हे असं झालं नसतं. मी इतकी वर्षं इथे काढल्यावर हे वाक्य पाठ झालंय. आणि खरं सांगू? मला ते आता पटत नाही. 'असता तर' म्हटलं की जे आहे ते बघायची गरजच उरत नाही. ज्यांच्या मोबाईलच्या वॉलपेपरवर शंकरण्णा आहे अशा माझ्या ऑफिसातल्या चार जणांना मी विचारलं, की त्याने दिग्दर्शित केलेले किती सिनेमे पाहिलेत? एकाने 'गीता' सांगितला (गाण्यांमुळे), बाकीच्यांनी मालगुडी. बस्स.

आता थोडी हिस्टरी. ज्यांना माहिती आहे त्यांनी हा परिच्छेद स्किप करा. शंकर नागचा जन्म 1954 चा, होन्नावरकडचा. घरची भाषा कोकणी. शिक्षणानंतर मुंबईत आला आणि मराठी नाटकात रमला. थोरला भाऊ अनंत नाग आधीच मुंबईच्या रंगभूमीवरून श्याम बेनेगलांच्या 'अंकुर'मध्ये पोचला होता. नचिकेत आणि जयू पटवर्धनांचा '22 जून 1897' हा चापेकर बंधूंवरचा मराठी सिनेमा आठवतोय? 1979 चा. त्याच्या पटकथेत शंकर नागचा हात आहे. म्हणजे रॅंडच्या खुनाची आपल्या पुण्याची गोष्ट पडद्यावर आणणाऱ्यांमध्ये हा होन्नावरचा पोरगा होता, आणि हे आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक आहे. 1978 मध्ये गिरीश कार्नाडांनी 'ओंदानोंदु कालदल्ली'मध्ये त्याला मुख्य भूमिका दिली, त्या कामाला इफ्फीत उत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला आणि गडी कन्नड सिनेमात गेला. 30 सप्टेंबर 1990 ला शूटिंगला जाताना दावणगेरेजवळ अनगोडूला मोटार अपघातात तो गेला. छत्तिसावं वर्ष पूर्ण व्हायचं होतं. म्हणजे सिनेमात मिळाली ती फक्त बारा वर्षं.

या बारा वर्षांत त्याने ऐंशीच्या आसपास सिनेमांत काम केलं, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर त्यातले बरेचसे आज बघवत नाहीत. 'कराटे किंग' ही त्याला चिकटलेली पदवी. हवेत लाथा, ढिशुम ढिशुम, बहिणीचा बदला वगैरे. दिग्दर्शक म्हणून सिनेमे मात्र मोजकेच. आणि माझं म्हणणं असं की खरा शंकर नाग तिथे आहे.

पहिलाच घ्या. 'मिंचिन ओट', 1980. नावाचा अर्थ साधारण 'विजेची धाव'. तीन गाडीचोर, पकडले जातात, तुरुंगात जातात, तिथून पळायचा बेत करतात. खऱ्या घटनेवर आधारलेली गोष्ट. अनंत नाग आहे, स्वतः शंकर आहे, आणि लोकनाथ नावाचा एक अफाट नट आहे. शिवाय आपली प्रिया तेंडुलकर, 'रजनी' व्हायच्या पाच वर्षं आधीची. आता 1980 सालचा चोरांचा सिनेमा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? सोन्याची बिस्किटं, काळा चष्मा, क्लबमधलं गाणं. इथे त्यातलं काहीच नाही. हे चोर कारागिरासारखे काम करतात. तुरुंगातलं रोजचं जगणं, वेळ जात नाही म्हणजे काय होतं, पळायची तयारी किती चिकाटीची आणि कंटाळवाणी असते, हे तो दाखवतो आणि तरीही सिनेमा कंटाळवाणा होत नाही. आपण चोरांच्या बाजूने कधी झालो ते कळत नाही. पहिल्याच सिनेमात एवढा संयम! आपण पहिल्या प्रोजेक्टमध्ये शिकलेलं सगळं एकदम घुसडतो की नाही? याने तसं केलं नाही. त्याला राज्य पुरस्कार मिळाले ते उगाच नाही.

दुसरा 'ॲक्सिडेंट', 1985. नशेत गाडी चालवणारा एका बड्या पुढाऱ्याचा मुलगा फुटपाथवर झोपलेल्या लोकांना चिरडतो. पुढारी सगळी यंत्रणा हाताशी धरून प्रकरण दाबायला लागतो आणि एक पत्रकार त्याच्या मागे लागतो. पत्रकार शंकर, पुढारी अनंत नाग. संगीत इळयराजांचं, पण गाणं एकही नाही. कन्नडमध्ये, त्या काळात, स्टार असताना! सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण मुद्दा तो नाही. मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला भरधाव गाडीने दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. आपल्यासारखीच, आयटीतली पोरं. नंतर रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप झाला, डॉक्टरांना अटक झाली. त्या दिवसांत मी रोज बातम्या वाचायचो आणि मला हा सिनेमा फ्रेम बाय फ्रेम आठवायचा. याचा अर्थ शंकर नागला भविष्य दिसत होतं असा नाही. त्याला त्याच्या आजूबाजूचं दिसत होतं. फोन कोण कोणाला करतो, कागद कुठे अडतो, साक्षीदाराची किंमत कशी ठरते, हे त्याने नीट पाहिलं होतं. आणि अनंत नागचा पुढारी राक्षस नाही हो, तो बाप आहे. म्हणूनच त्याची जास्त भीती वाटते.

'गीता'ची (1981) गाणी इथल्या प्रत्येक ऑर्केस्ट्रात वाजतात, गोष्ट बेताची आहे. 'ओंदु मुत्तिन कथे'मध्ये (1987) त्याने थेट डॉ. राजकुमारना घेऊन स्टाइनबेकच्या 'द पर्ल'वर सिनेमा काढला, पाण्याखालचं चित्रीकरण वगैरे करून. तो चालला नाही. मला तो पूर्ण जमलेला वाटत नाही, पण डॉ. राजकुमारांसारख्या दैवताला मोत्यासाठी बुड्या मारणारा गरीब कोळी करायचं धाडस कोणी केलं असतं?

मालगुडीबद्दल वेगळं काय सांगणार. 1986 मध्ये दूरदर्शनवर आलं. ती धून, लक्ष्मणांची चित्रं, धोतर नेसलेले म्हातारे, स्वामी. पण एक गंमत लक्षात घ्या. आर. के. नारायण 'गाइड' सिनेमावर चांगलेच नाराज होते, त्यांच्या साध्या गावाचं काय करून ठेवलंय म्हणून. शंकर नागने आगुंबे निवडलं, शिमोग्याच्या घाटमाथ्यावरचं धो धो पावसाचं गाव, आणि गावाला गाव राहू दिलं. लेखकावर कुरघोडी केली नाही. तुफान मारामारीचे सिनेमे एका बाजूला चालू असताना दुसऱ्या बाजूला हरवलेल्या क्रिकेट बॅटचं दुःख तितक्याच गंभीरपणे दाखवणारा हा एकच माणूस आहे, हे मला अजूनही नवलाचं वाटतं.

बरं, मग ते ऐंशी सिनेमे कशासाठी? माझं मत असं की पैशासाठी, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. त्या काळी कन्नड सिनेमाला आवाजाच्या कामासाठी मद्रासची वाट धरावी लागायची. शंकरने बंगळूरमध्ये 'संकेत' हा रेकॉर्डिंग स्टुडिओ उभा केला. 'संकेत' याच नावाने नाटकाची संस्था चालवली. कराटे किंगच्या लाथांमधून हे सगळं आलं. आपल्याकडे 'कलाकार तडजोड करतो' म्हणून नाक मुरडायची पद्धत आहे. इथे तडजोड कुठे गेली त्याचा हिशेब समोर आहे.

आणि मेट्रो. ऐंशीच्या दशकात त्याने परदेशात जाऊन मेट्रो बघितली, बंगळूरसाठी आराखडा सरकारपुढे मांडला असं सगळे सांगतात. प्रत्यक्षात पहिला टप्पा 20 ऑक्टोबर 2011 ला सुरू झाला, बैयप्पनहळ्ळी ते एम. जी. रोड. त्याच्या जाण्यानंतर एकवीस वर्षांनी. पण मला सांगा, मेट्रो न होण्याचं कारण एक दिग्दर्शक गेला हे असू शकतं का? पैसा, जमीन, केंद्र-राज्य, आमदार, कंत्राटं, हे सगळं सोडून आपण एका देखण्या माणसाच्या फोटोकडे बघून उसासा टाकतो. सोयीचं आहे ते. त्याला द्रष्टा केलं की बाकीच्यांना जाब विचारायला नको. ज्या माणसाने 'ॲक्सिडेंट' काढला त्याला हे कितपत आवडलं असतं कोण जाणे.

आता आपल्या लोकांबद्दल थोडं, राग मानू नका. बंगळूरमध्ये दहा-दहा वर्षं राहिलेले मराठी लोक मला माहीत आहेत ज्यांचं कन्नड 'गोत्तिल्ला' आणि 'एष्टु'च्या पुढे सरकलेलं नाही. "शिकून करायचंय काय, आपण परत जाणारच आहोत." गणपतीला महाराष्ट्र मंडळात आरती म्हणायची, एरवी रिक्षावाल्याशी हिंदीत भांडायचं. अरुंधती नाग मुंबईच्या. मराठी, गुजराती, हिंदी रंगभूमीवर काम केलेल्या. शंकरशी ओळख तिथलीच, नाटकाच्या तालमीतली. लग्नानंतर बंगळूरला आल्या आणि कन्नड शिकून कन्नड रंगभूमीवर उभ्या राहिल्या, नुसत्या समजण्यापुरत्या नाही. 'संकेत'ने जी नाटकं केली त्यात 'बॅरिस्टर' आहे, 'संध्याछाया' आहे. दोन्ही आपल्या जयवंत दळवींची! ही वाहतूक दोन्ही बाजूंनी चालते. कार्नाड आपण घेतले, दळवी त्यांनी नेले. मधे कोणीतरी दोन्ही भाषा बोलणारं असावं लागतं इतकंच.

ज्या अपघातात शंकर गेला त्यात अरुंधतीही जबर जखमी झाल्या होत्या. त्यातून उठून त्यांनी जे. पी. नगरमध्ये 'रंगशंकरा' बांधलं. 2004 च्या ऑक्टोबरमध्ये ते उघडलं, म्हणजे शंकरनंतर चौदा वर्षांनी. जागा मिळवणं, पैसे गोळा करणं, दारोदार फिरणं, सगळं त्यात आलं. तीनेकशे खुर्च्यांचं, प्रेक्षकांत घुसणाऱ्या रंगमंचाचं थिएटर. जवळजवळ रोज नाटक, तिकीट परवडणारं, आणि वेळ झाली की दार बंद. उशिरा आलेला माणूस कितीही मोठा असो, बाहेर. मी तिथे कन्नड, मराठी, हिंदी, इंग्रजी सगळं पाहिलंय, आणि साबुदाणा वडाही खाल्लाय :) 'असता तर' म्हणायचा सगळ्यात जास्त अधिकार ज्या बाईंना होता त्यांनी ते म्हणत बसण्यात वेळ घालवला नाही.

असो. बरंच लिहिलं. ज्यांना या वीकेंडला काही बघायचं असेल त्यांनी मालगुडी बाजूला ठेवा, ते पाहिलेलं आहे. 'मिंचिन ओट'पासून सुरुवात करा, मग 'ॲक्सिडेंट'. प्रिंट जुनी आहे, रंग उडालेत, आवाज मधेमधे फाटतो. सबटायटल्स मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर शेजारच्या कन्नड मित्राला बोलवा आणि अर्थ विचारत विचारत बघा, तेवढंच थोडं कन्नड कानावर पडेल. तुरुंगाच्या भागापर्यंत पोचलात की अर्थ विचारायचं तुमचं तुम्हीच विसराल.