पोरांना हेल्मेट सांगतो, पण आपल्या ट्रॉलीला लाल दिवा आहे का?



आज पिकाचं नाही, रस्त्याचं लिहितोय. बरेच दिवस मनात होतं, पण लिहायला लाज वाटत होती.

मागच्या नोव्हेंबरात भगूरकडून उसाचं बेणं घेऊन येत होतो. ट्रॉलीचं चाक पंक्चर झालं. चाकाखाली दोन दगड लावले, मागे बाभळीची फांदी टाकली आणि पंक्चरवाल्याला आणायला गेलो. वेळ साडेसहाची, म्हणजे त्या दिवसांत पूर्ण अंधार. ट्रॉलीला मागे दिवा होता, पण त्याची वायर गेल्या हंगामातच तुटलेली. रेडियम होतं, त्यावर चिखल. आणि उसाचे शेंडे फाळक्याच्या बाहेर हातभर आलेले, त्यामुळे असलं-नसलं सगळंच झाकलेलं.

परत आलो तर मोटारसायकल आडवी पडलेली. दोन पोरं क्लासवरून घरी चालली होती. चालवणाऱ्याला ट्रॉली दिसली ती अगदी जवळ आल्यावर. त्यानं गाडी वळवली, फांदीवरून घसरली. मागच्याला खरचटलं, चालवणाऱ्याच्या खांद्याचं हाड मोडलं. हेल्मेट दोघांनाही नव्हतं. डोकं वाचलं ते निव्वळ नशिबानं.

दवाखान्यात मीच नेलं. पोराचे वडील आले तेव्हा वाटलं, आता शिव्या खायच्या. ते बाकड्यावर बसले आणि एवढंच म्हणाले, "भाऊ, पोरगं सतरा वर्षांचं आहे. गाडीची चावी मीच दिली."

मी काय बोलणार? ट्रॉली मीच लावली होती.

तेव्हापासून रस्त्याचा विषय निघाला आणि कोणी म्हणालं, "आजकालची पोरं फार सुसाट चालवतात", की मी गप्प बसतो. सुसाट चालवतात हे खोटं नाही. ट्रिपल सीट, कानाला मोबाईल, कट मारणं, सगळं लॅम रोडला रोज दिसतं. पण त्याच पोराला कॅम्पात लष्करी हद्दीत बघा. पुढे मिलिटरी पोलीस उभे असले की हेल्मेट डोक्यावर, गाडी हळू. हद्द संपली की हेल्मेट आरशाला लटकलेलं. म्हणजे पोरांना येत नाही असं नाही. कुठं पाळायचं आणि कुठं चालून जातं, हे ती आपल्याकडूनच शिकली.

१५ ऑगस्ट २०२१ पासून नाशिक पोलिसांनी 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' सुरू केलं होतं, आठवतंय का? तेव्हा पंपावर शेजारच्याचं हेल्मेट मागून पेट्रोल भरणारे आपणच मोठी माणसं होतो. पोरं मागे बसून बघत होती.

आता थोडा हिशोब. साठच्या वेगात गाडी एका सेकंदात सतरा मीटर जाते. पुढे काहीतरी आहे हे कळून ब्रेकवर पाय जायलाच सेकंदभर लागतो. मग गाडी थांबायला अजून वीसेक मीटर. म्हणजे पस्तीस-चाळीस मीटर, तेही रस्ता कोरडा आणि टायर चांगले असतील तर. डिपरवर साध्या गाडीचा उजेड साधारण तेवढाच पडतो. चाळीसच्या वेगात हेच काम वीसेक मीटरमध्ये होतं. म्हणून पोरांनो, अंधारात चाळीसच्या वर जाऊ नका. आणि मंडळी, आपली ट्रॉली शंभर मीटरवरून दिसली पाहिजे. दोन्ही झालं तरच माणूस वाचतो.

बाहेर आलेल्या मालाचं काय होतं ते नाशिकनं पाहिलंय. १२ जानेवारी २०२५ ला द्वारका उड्डाणपुलावर लोखंडी सळया नेणाऱ्या ट्रकवर मागून टेम्पो आदळला. निफाडकडून कार्यक्रम उरकून परतणारी तरुण पोरं त्या टेम्पोत होती. किती घरं बसली. सळई काय, ऊस काय, बांबू काय, मागे आलेला माल दुचाकीवाल्याच्या बरोबर छातीला असतो. आणि मालाच्या गाडीत माणसं भरून लग्नाला नेणं आपल्याकडे अजून चालूच आहे.

चावीचंही सांगतो, कारण बऱ्याच जणांना माहीत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९९अ आहे. अठरा वर्षांखालच्या पोरानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द. पोराला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन नाही. हे ट्रॅक्टरलाही लागू आहे. "फक्त मळ्यापर्यंतच जातो" हे कोर्टात चालत नाही.

अपघात दिसला तर १०८ ला फोन लावा आणि थांबा. कलम १३४अ प्रमाणे मदत करणाऱ्यावर कारवाई होत नाही, नावसुद्धा सांगायची सक्ती नाही.

मी घरी काय बदललं ते लिहितो. ट्रॉलीच्या मागे आणि दोन्ही बाजूंना रेडियमची पट्टी, दर फेरीला फडक्यानं पुसायची. दिव्याची वायर नवी. शेंडे फाळक्याच्या आत, नाहीच बसले तर लाल दिवा शेंड्यांच्या टोकाला. चाकाखालचे दगड निघताना उचलायचे, रस्त्यात सोडायचे नाहीत. पावसाळ्यात वावरातून डांबरीवर येण्याआधी टायरचा चिखल काढायचा, कारण त्यावरून पहिला घसरतो तो सायकलवाला. पहाटे चालायला जाणाऱ्या आईला पांढरी ओढणी आणि हातात बॅटरी. एका द्राक्षाच्या फवारणीला जेवढं जातं, त्याच्या पासंगालाही हा खर्च पुरत नाही.

दारणाकाठाला बिबट्या आहे म्हणून आपण रात्री पाणी धरायला बॅटरी, काठी घेऊन दोघं-दोघं जातो. चांगलंच आहे. पण बिनदिव्याची ट्रॉली रस्त्यात उभी करताना आपल्याला भीती वाटत नाही, कारण मरणारा दुसऱ्याचा असतो.

त्या पोराचा खांदा आता बरा आहे. रस्त्यात भेटला की "काका" म्हणून हात करतो. हेल्मेट असतं डोक्यावर. अठरा पूर्ण झालीत, लायसनही काढलंय.

आज संध्याकाळी आपापल्या ट्रॉलीच्या मागे पन्नास पावलं लांब जाऊन उभे राहा. दिसते का बघा. नसेल दिसत तर उद्या रस्त्यावर काढू नका.