तोफखाना आणि प्रशस्तिपत्र

श्रावण वद्य चतुर्दशी जवळ आली की आम्हां इंदूरकर मराठी मंडळींस अहिल्याबाईंची आठवण येते. राजवाड्यासमोरील पुतळ्यास हार पडतात, पालखी निघते, घाट-देवळे-धर्मशाळांची यादी व्याख्यानांतून पुन्हा एकदा वाचली जाते. ते योग्यच आहे. परंतु ही बाई कारभार शिकली कशी, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. मल्हारराव मोहिमेवर असत आणि सुनेस पत्रांतून कामे सांगत. १७६५ मधील एका पत्रात तोफखाना घेऊन ग्वाल्हेरीकडे जावे, दारूगोळ्याची तजवीज ठेवावी, अशा सूचना आहेत. १७६६ मध्ये मल्हारराव व १७६७ मध्ये मालेराव वारले, तेव्हा बाई नवख्या नव्हत्या. सासऱ्याने सुनेच्या हाती खरे काम दिले होते, आणि तेही दुरून.

दुरून काम शिकविण्याची ही रीत आज संगणकाच्या क्षेत्रात चालते, आणि आमच्या घरांतील जाणती माणसे तिकडे पाठ करून बसली आहेत, ही आमची तक्रार आहे.

लिनक्स, फायरफॉक्स, लिबरऑफिस, मराठी विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकी, या सर्वांची मूळ संहिता कोणासही वाचता येते, सुधारता येते. हे मुक्तस्रोत काम जगभरची माणसे मिळून करतात. दार सर्वांस उघडे, असे तेथे अभिमानाने सांगितले जाई. मग २००६ मध्ये गूगलच्या उन्हाळी उपक्रमासाठी 'ग्नोम' या प्रकल्पाकडे १८१ अर्ज आले आणि त्यांत एकही स्त्रीचा नव्हता. प्रकल्पाच्या मंडळींनी स्त्रियांसाठी वेगळी हाक दिली. तेव्हा शंभराच्या आसपास अर्ज आले आणि सहा जणी निवडल्या गेल्या. २०१० मध्ये मरीना झुराखिन्स्काया यांच्या पुढाकाराने हा प्रयत्न पुन्हा उभा राहिला, आणि २०१५ पासून तो 'आउटरीची' या नावाने ओळखला जाऊ लागला. पुढे स्त्रियांखेरीज इतर उपेक्षित गटांनाही त्यात जागा मिळाली.

'गुणवत्तेवर निवड व्हावी, वेगळा पाट कशास?' असे आमचे काही मित्र म्हणतात. त्यांनी वरील दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. मुली तेथे होत्याच; 'तुम्ही या' असे त्यांस कोणी म्हटले नव्हते. शिवाय निवडीपूर्वी अर्जदारास प्रकल्पात प्रत्यक्ष काम करून दाखवावे लागते. आमच्या किती नेमणुकांत एवढी कसोटी लागते?

निवडीनंतर सुमारे तीन महिन्यांची उमेदवारी असते, घरबसल्या आणि विद्यावेतनासह. तिचा सारा भार मार्गदर्शकावर असतो. त्याने प्रथम प्रचंड संहितेतून नवखीला पेलेल असा तुकडा काढून द्यायचा. ती दोन दिवस एकाच चुकीशी झुंजत गप्प बसली असेल तर आपण होऊन विचारायचे, कारण 'आपलेच अज्ञान उघडे पडेल' या भीतीने मुली विचारीत नाहीत. अर्धवट काम पाठविण्यास सांगायचे. पाठविलेल्या बदलात दोष दाखवायचा, तो का दोष आहे हेही सांगायचे, आणि तो स्वतः दुरुस्त करण्याचा मोह आवरायचा. हा शेवटचा संयम फार थोड्यांस साधतो. आम्हांस स्वयंपाकघरातही साधत नाही.

यास आठवड्याचे चार-पाच तास लागतात. पुण्यात, बंगळुरात, न्यू जर्सीत बसलेल्या आमच्या भाच्या-पुतण्यांजवळ ते नाहीत, यावर आम्ही विश्वास ठेवीत नाही. ज्या मुक्त संहितेवर त्यांच्या कंपन्या पोसल्या जातात, तिच्यासाठी पुढची पिढी घडविणे त्यांस 'फुकटचे काम' वाटते. घरोघरी भाषाही तीच. मुलगी रात्री संगणकापुढे बसून दूरदेशीच्या अनोळखी माणसाशी एका ओळीवरून वाद घालीत असते, आणि आजी विचारते, 'पगार किती?' मुलगा तेच करीत असता त्यास 'किडा' म्हणून कौतुकाने हाक मारली जाते.

आणि आमची मंडळे? दरवर्षी टक्केवारीनुसार गुणवंतांचा सत्कार, प्रशस्तिपत्र, श्रीफळ. गोविंदराम सेकसरिया संस्था १९५२ पासून येथे अभियंते घडवीत आहे. २००९ पासून आय.आय.टी.ही आहे. व्यासपीठावर नारळ घेऊन उभ्या राहणाऱ्या मुलींत उद्याच्या अभियंता असतात, आणि त्यांस पुढे कोणाकडे काय विचारावे हे त्या समारंभात कोणी सांगत नाही. तेथे हजर असलेले निवृत्त अभियंते भाषण करून, पोहे-जिलेबी खाऊन घरी जातात.

पैसे कोण देणार, अशी शंका निघेल. प्रशस्तिपत्रांच्या चौकटींचा खर्च वाचवावा. मराठी विकिपीडियाच्या साधनांत, लिबरऑफिसच्या मराठी रूपात करण्यासारखे काम पुष्कळ आहे. एका मुलीस तीन महिने विद्यावेतन देण्यास एखाद्या मंडळाची वर्गणी पुरेशी ठरावी. पैशांहून अवघड वस्तू मार्गदर्शक हीच आहे. म्हणून येत्या गुणगौरवाच्या दिवशी दाराशी एक वही ठेवावी, आणि गुणवंतांची यादी वाचण्याआधी त्या वहीत आठवड्याचे पाच तास लिहून देणाऱ्यांची नावे वाचावीत. एकही नाव नसेल तर तसेही मोठ्याने सांगावे, आणि मग नारळ वाटावेत.