मर्यादवेल उपटण्याआधी

२०२५ च्या फेब्रुवारीत, होळी पेटायला दोन आठवड्यांहून अधिक अवकाश असताना, मुंबईचा पारा ३८ अंशांच्या पुढे गेला आणि हवामान खात्याला किनारपट्टीसाठी उष्णतेच्या लाटेचा इशारा द्यावा लागला. माघ-फाल्गुनात असा चटका बसला की आपल्याला नवल वाटते. पण मुंबईत मार्च १९५६ मध्ये ४१.७ अंशांची नोंद आहे. हवा तापते आहे हे खरेच. तरी वसंतातला हा तडाखा किनाऱ्याला जुना ओळखीचा आहे.

त्याचे कारण वाऱ्यात आहे. या दिवसांत सकाळी घाटावरून कोरडे, तापलेले वारे खाली उतरतात. समुद्रावरचे खारे वारे वेळेवर आले तर दुपार निभावते. पूर्वेच्या वाऱ्यांनी त्यांना अडवून धरले की पारा भराभर चढतो. मैदानी भागात उष्णतेच्या लाटेचा विचार ४० अंशांपासून होतो, किनाऱ्यावर तो ३७ पासूनच होतो. म्हणजे किनाऱ्यावरच्या झाडाला एकाच दिवसात दोन मार सोसावे लागतात : दुपारी कोरडी झळ आणि संध्याकाळी खार.

आता अलिबागपासून मालवणपर्यंत नव्याने उठलेल्या बंगल्यांची आणि रिसॉर्टांची आवारे पाहा. पुळणीला लागून हिरवळीचे गालिचे, परदेशी पामच्या रांगा, रंगीत पानांची कुंपणे. फाल्गुन लागला की हिरवळ पिवळी पडते, रोपांच्या पानांचे शेंडे करपतात आणि दोन वेळचे शिंपणे सुरू होते. ते पाणी येते बोअरमधून. समुद्रालगत गोडे पाणी बेसुमार उपसले की त्याच्या जागी खारे पाणी सरकते आणि शेजारच्या वाडीतली पिढ्यान्‌पिढ्यांची विहीर मचूळ होते. एकाच्या शोभेची किंमत साऱ्या वाडीने मोजावी, हे योग्य नाही.

ही हिरवळ घालण्यासाठी जे उपटले जाते ते खरे किनाऱ्याचे धन. भरतीच्या रेषेच्या वर वाळूत पसरलेली मर्यादवेल घ्या. आपट्यासारखी दुभंगलेली पाने, जांभळी फुले. पेऱ्यापेऱ्याला मुळे सोडत ती वाळू बांधून ठेवते. तिच्या नावातच समुद्राची मर्यादा आहे. सपाटीकरणात सर्वांत आधी तीच जाते, आणि मग उडणारी वाळू अडवायला भिंत बांधावी लागते.

उंडीचे एक पान हातात घेऊन पाहा. जाड, चकचकीत, चामड्यासारखे. मधल्या शिरेपासून निघालेल्या समांतर रेषा इतक्या दाट की पान फणीने विंचरल्यासारखे वाटते. असे पान उन्हात पाणी धरून ठेवते आणि खाराला सहज दाद देत नाही. उंडीच्या तेलावर कोकणात दिवे जळले, तिच्या लाकडाच्या होड्या झाल्या. करंज फाल्गुनात पाने गाळतो आणि चैत्रात, नेमकी सावली हवी तेव्हा, कोवळ्या हिरव्या पानांनी भरून येतो. भेंड, केवडा, निर्गुडी, आणि थोडे आत सुरंगी : यांतले कोणतेही झाड या मातीला नवखे नाही.

किनारा हिरवा करायचा म्हणून सरकारी पातळीवर वर्षानुवर्षे सुरूच लावला गेला. सुरू झटपट वाढतो, वारा अडवतो. पण त्याच्या सुयांसारख्या पाचोळ्याखाली दुसरे फारसे काही रुजत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगडच्या किनाऱ्यावर सुरूची बने आडवी झाली, नारळी-पोफळीही गेल्या. वादळापुढे टिकेल अशी हमी कोणत्याच झाडाची देता येत नाही. तरीही सगळी भिस्त एकाच जातीवर ठेवू नये, एवढा धडा त्यातून घ्यायलाच हवा.

करायचे ते साधे आहे. समुद्राकडची वाळू मर्यादवेलीला सोडावी. तिच्यामागे केवडा आणि निर्गुडी, त्यामागे उंडी, करंज, भेंड, आणि घराच्या आडोशाला सुरंगी. लागवड मृगात करावी, म्हणजे पावसाळाभर मुळे खोल जातात. पहिले एक-दोन उन्हाळे थोडे पाणी घातले की पुढे झाड स्वतःच्या बळावर उभे राहते. अडचण रोपांची आहे. बहुतेक नर्सऱ्यांत पाम हवे तेवढे मिळतात, उंडीचे रोप मात्र मागून मिळत नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने आणि सामाजिक वनीकरण विभागाने ही रोपे मुबलक करावीत, आणि किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींनी नव्या बांधकामांकडे त्यांचा आग्रह धरावा.

किनाऱ्यावर घर बांधणाऱ्यांना एवढीच विनंती : माळ्याला बोलावण्याआधी आवारात आधीपासून काय उगवले आहे ते एकदा फिरून पाहा. आणि मर्यादवेल दिसली, तर तिला हात लावू नका.