इडली की डोसा?

वेटर तिसऱ्यांदा येऊन गेला. माझी मैत्रीण अजून मेन्यूकार्डच बघत होती. ऑफिसात एका वेळी तीन डेडलाइन्स सांभाळणाऱ्या मुलीला इडली की डोसा, हे ठरेना! ‘तूच सांग ना काहीतरी,’ म्हणाली आणि तिचे डोळेच भरून आले.

त्याच दुपारी तिने राजीनाम्याचा मेल टाइप करून ठेवला होता. तो मात्र दहा मिनिटांत.

डिप्रेशन म्हणजे नुसती उदासी नव्हे. निर्णय न घेता येणं हेसुद्धा डॉक्टरांच्या यादीतलं लक्षण आहे. लक्ष लागत नाही, सगळेच पर्याय बेचव वाटतात, वर चुकण्याची धास्ती. म्हणून साधी इडलीही डोंगराएवढी होते. उलट पुढे काही चांगलं घडेल असं वाटतच नसलं, की नोकरी सोडणं, ब्रेकअप करणं ही सुटका वाटायला लागते.

मग तिचे निर्णय आपणच घ्यायचे? नाही हं! इथेच आपण प्रेमापोटी घोळ घालतो. डिप्रेशन झालं म्हणजे अक्कल गेली, असं नसतं. आपला २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदाही हेच म्हणतो : उपचारांबद्दलचा पेशंटचा निर्णय इतरांना चुकीचा वाटला, एवढ्यावरून त्याला निर्णयच घेता येत नाही, असं ठरत नाही. पुढे तब्येत फार बिघडली तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, आपल्या वतीने कोणी बोलायचं, हे आधीच लिहून ठेवायची सोयही त्यात आहे.

आपण काय करू शकतो? ‘काय खाशील?’ऐवजी ‘इडली मागवू की पोहे?’ असं विचारायचं. मोठा निर्णय जरा लांबवायला सुचवायचं. डॉक्टरकडे सोबत जायचं. पण जगणंच नको, असं कुणी म्हणालं तर थांबू नका. त्याला एकटं सोडू नका, लगेच मदत मिळवा. टेलिमानसची सरकारी हेल्पलाइन आहे : १४४१६.

आणि तो मेल? मी ‘डिलीट कर’ म्हणून मागे लागले होते. तिने तो ड्राफ्ट्समध्ये ठेवला. औषधं आणि काउन्सेलिंग सुरू झाल्यावर चार महिन्यांनी उघडला, नीट वाचला... आणि पाठवला! या वेळी दुसरी नोकरी हातात होती.

त्या संध्याकाळी डोसा कुणी मागवला, माहितीये? तिने. मला विचारलंसुद्धा नाही.